शाळेच्या दारातला व्हॉल्व्ह

सुबोध ओव्हाळची घडी विस्कटली ती एका नळाच्या चित्रामुळे. घाटकोपर पश्चिमेच्या ‘सनी पेटल्स’ शाळेत सिनिअर केजीला ‘कम्युनिटी हेल्पर्स’ नावाचा धडा चालू होता आणि त्याचा एक कागद घरी आला होता. डाव्या बाजूला आग, पत्र, चोर आणि नळ. उजव्या बाजूला फायरमन, पोस्टमन, पोलीस आणि प्लंबर. रेघा मारून जोड्या लावायच्या. सुबोधच्या मुलीने, दिशाने, आग विझवली, पत्र पोचवलं, चोर पकडून दिला. नळापासून निघालेली रेघ मात्र तिने प्लंबरला वळसा घालून थेट कागदाच्या कोपऱ्यात नेली आणि तिथे स्वतःच्या हाताने एक माणूस काढला. माणसाला मिशी होती आणि हातात त्याच्याहून उंच असा इंग्रजी टी. त्या माणसावर मिसने लाल पेनाने फुली मारली होती. मिशीपासून पायापर्यंत.

तो माणूस म्हणजे सुबोध. तो पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होता. घरात नळ सोडला की पाणी येतं असा ज्यांचा समज आहे, त्यांच्यासाठी सांगायचं तर पाणी असं मनाला येईल तेव्हा येत नाही. ते गल्ल्यागल्ल्यांना पाळीने मिळतं. रस्त्याखाली व्हॉल्व्ह असतात. त्यावरचं लोखंडी झाकण उचलून, खाली साडेपाच फुटी चावी उतरवून, तिची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरून गोल गोल फिरावं लागतं. काही व्हॉल्व्हला वीस फेरे, काहींना पन्नास. एका गल्लीचं बंद करायचं तेव्हा दुसरीचं सुरू होतं. सुबोध हे अकरा वर्षं करत होता आणि बी.ए. होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण दुसरी तो लोकांना आधी सांगायचा.

“अहो, पाच वर्षांच्या पोरीचा पेपर आहे,” माधुरी, त्याची बायको, म्हणाली. “सोडून द्या ना.”

“प्लंबर!” सुबोध म्हणाला. “प्लंबर काय पाणी देतो? प्लंबर वॉशर देतो. तोसुद्धा दुसऱ्यांदा बोलावल्यावर.”

दिशाने विचारलं, “पप्पा, तुम्ही हेल्पर नाही?”

या प्रश्नावर गप्प बसणारे बाप असतीलही. सुबोध शनिवारी शाळेत गेला.

निधी मिस चोवीस-पंचवीस वर्षांची, हसरी मुलगी होती. सुबोधने वाटेत तयार केलेलं भाषण तिने दुसऱ्या वाक्यालाच निकामी केलं. “सॉरी सर! मला खरंच माहीत नव्हतं असं काही असतं. मी पण घाटकोपरचीच आहे, बघा ना! तुम्ही आमच्या वर्गात या. हेल्पर्स मंथ आहे. एक डॉक्टर मम्मी येतायत, एक पायलट पप्पा येतायत. तुम्ही युनिफॉर्म घालून या आणि तुमची ती चावी आणा.”

पायलट आणि आपण एकाच यादीत, या विचाराने सुबोध शाळेच्या पायऱ्या उतरला तो तरंगतच.

पहिला अडथळा युनिफॉर्मचा. खात्याने दिलेल्या गणवेशापैकी त्याच्याकडे शाबूत उरला होता तो रेनकोट, आणि दिवस मार्चचे होते. माधुरीने निळा शर्ट इस्त्री केला आणि खिशावर ‘ओव्हाळ’ असं पिवळ्या दोऱ्याने भरलं. शेजारचे परबकाका ते बघायला आले. परबकाका, म्हणजे सीताराम परब, गिरणी बंद पडल्यापासून कुठल्या ना कुठल्या गेटवर वॉचमन होते आणि आता निवृत्त होऊन मजल्यावरच्या सगळ्यांना सल्ले द्यायचे.

“शाळेत जातलंस तर कागद घेऊन जा,” ते म्हणाले. “साहेबाची सही असलेलो. कागदाशिवाय खयच पाय ठेवू नको. मी गेटवर बसलेलो माणूस, माका विचार. आणि ती चावी खात्याची. उद्या कोणी म्हणालो चोरून हाडलंस, मगे?”

सुबोधने ते ऐकलं, हीच त्याची चूक झाली. त्याने परवानगी मागितली.

त्याच्या चौकीचे साहेब, चैतन्य साहेब, सब-इंजिनिअर होते. तरुण होते आणि सही करायच्या आधी पेनाचं टोपण तीनदा लावून काढत. त्यांनी अर्ज वाचला. विषय होता ‘शैक्षणिक प्रयोजनार्थ चावी शाळेत नेण्याबाबत’. ते बराच वेळ विषयाकडेच बघत राहिले.

“ओव्हाळ, चावी कोणत्या व्हॉल्व्हची?”

“साहेब, चावी सगळ्यांना एकच लागते.”

“मग तसं लिहा. आणि मुलं चावीला हात लावणार का?”

“लावतील साहेब, मुलंच ती.”

“लावल्यास जबाबदारी कोणाची, तेही लिहा.”

अर्ज वरच्या ऑफिसात गेला आणि नऊ दिवसांनी एक शंका घेऊन परत आला. शाळा खाजगी आहे की अनुदानित? ती शंका मिटवून परत गेला आणि चावीचं वजन विचारायला खाली आला. सुबोधने चौकीमागच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चावीचं वजन केलं. भंगारवाल्याने काट्याकडे न बघता सुबोधकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “देना है क्या?” अकरा वर्षांच्या नोकरीत सुबोधला कोणी चोर समजलं नव्हतं. अर्जाने ते पंधरा दिवसांत करून दाखवलं.

दुसरीकडे शाळाही स्वस्थ बसली नव्हती. प्रिन्सिपल रत्नप्रभा मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर हात जुळवून सांगितलं, की त्यांच्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची कमिटी आहे आणि कमिटीने ‘साडेपाच फुटी लोखंडी वस्तू’ वर्गात आणायला नकार दिलाय.

“आपण थर्माकोलची करू या ना,” मॅडम म्हणाल्या. “सिल्व्हर पेपर लावून. छान दिसेल. पायलट सर पण खरं विमान कुठे आणणार आहेत?”

सुबोध खुर्चीत ताठ झाला. “मॅडम, थर्माकोलच्या चावीने थर्माकोलचंच पाणी येतं.”

हे वाक्य त्याला स्वतःला फार आवडलं आणि त्याने ते संध्याकाळपर्यंत चार जणांना ऐकवलं. मॅडमना ते तितकंसं आवडलं नसावं. पण निधी मिसने मध्ये पडून तोड काढली. चावी वर्गात येत नाही, तर वर्ग चावीकडे जाईल. शाळेच्या दारातच, फुटपाथला लागून एक व्हॉल्व्ह आहे. सुबोध रोज तोच फिरवतो. मुलं दोरी धरून बाहेर येतील, बघतील, परत जातील. त्याला फील्ड ट्रिप म्हणता येईल. मॅडमना फील्ड ट्रिप हा शब्द पटला, कारण त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तीन फील्ड ट्रिप छापल्या होत्या आणि झाली होती एक.

खात्याचाही कागद आला. ‘कामाच्या वेळेत, ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत व पाणीपुरवठ्यावर कोणताही परिणाम न होता’ परवानगी देण्यात येत होती. ज्येष्ठ कर्मचारी म्हणजे दादू. दादूची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती आणि ते सात महिने विनापरिणाम घालवायचे हा त्याचा एकमेव संकल्प होता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग निधी मिसने भाबडेपणाने पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ‘मीट अवर वॉटर हीरो! दिशाचे पप्पा आपल्या एरियाचं पाणी सोडतात!’ खाली टाळ्या वाजवणारे हात आणि तीन निळे थेंब.

दीड वर्ष त्या ग्रुपवर सुबोधला कोणी ओळखत नव्हतं. त्याने एकदा ‘उद्या डबा सुका आणायचा का?’ असं विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून आलं नव्हतं. आता अर्ध्या तासात बावीस मेसेज आले. बी विंगला प्रेशर कमी आहे. सातव्या मजल्यावर गीझर चढत नाही. दहा मिनिटं जास्त चालू ठेवता येईल का, प्लीज? एका आईने तर पाणी पिवळट येतं म्हणून बाटलीचा फोटो टाकला आणि खाली ‘सर’ लिहिलं. सुबोधला पालिकेतल्या कोणी आजवर सर म्हटलं नव्हतं. त्याने तो मेसेज माधुरीला दाखवला.

त्या आठवड्यात दिशाला चार वाढदिवसांची आमंत्रणं आली. त्यातल्या दोन मुलांची नावं तिला माहीत नव्हती.

गुरुवारी तिच्या दप्तरातून चॉकलेटचा एक भलामोठा डबा निघाला. आत चिठ्ठी होती. ‘फॉर दिशा. गंगोत्री हाइट्स, बी विंग.’ माधुरीने डबा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत पाठवला, आणि दिशा दारात बसून तासभर रडली. त्या डब्यात सोनेरी कागदातली होती, हे ती सारखी सांगत होती.

गंगोत्री हाइट्सचे चेअरमन सुयोग सर हे दिशाच्या वर्गातल्या शौनकचे वडील. त्यांनी सुबोधला शाळेच्या गेटवर गाठलं आणि खांद्यावर हात ठेवला.

“भाऊ, साडेदहाला बंद करता तुम्ही आमचं. अकरा करा ना यार. तुमच्याच हातात आहे.”

“सर, हातात चावी आहे. पाणी नाही. तुमचं साडेदहाला बंद केलं की वर टेकडीवर खडकवाडीला चढतं. त्यांना दोनच तास आहेत. साडेदहा ते साडेबारा.”

“अरे, त्यांना सवय असते.”

सुबोधने खांद्यावरचा हात काढला नाही, पण तो खांद्यासकट बाजूला झाला. अकरा वर्षांत खडकवाडीचं पाणी त्याने दोन मिनिटंसुद्धा उशिरा सोडलं नव्हतं. तिथे चारशे घरं होती, वीस नळ होते आणि वर चढायला एकशे सत्तर पायऱ्या. त्याचं स्वतःचं लहानपण अशाच एका टेकडीवर हंड्यांच्या रांगेत गेलं होतं. हे तो कोणाला सांगत नसे. बी.ए.चं सांगायचा.

ठरला तो बुधवार उजाडला. मुलं सव्वादहाला बाहेर यायची होती, साडेदहाच्या ठोक्याला सुबोध व्हॉल्व्ह बंद करणार होता. मुलं दहा चाळीसला आली. बत्तीस मुलांना आधी शू करून आणायचं असतं, टोप्या घालायच्या असतात, दोरीवर कोण कोणाच्या मागे यावरून भांडण मिटवायचं असतं. याची पाणी खात्याला कल्पना नव्हती. सुबोध तोवर झाकण उघडून, चावी लावून, घड्याळाकडे बघत उभा होता.

“बंद करून टाक ना,” दादू म्हणाला. “पोरांना उघडं भोक दाखव.”

पण तेवढ्यात दोरी गेटातून बाहेर आली, आणि दोरीच्या पुढच्या टोकाला दिशा होती. मिसने मुद्दाम तिला पुढे ठेवलं होतं. सुबोधने दादूचं ऐकलं नाही.

सुरुवात मात्र झकास झाली. सुबोधने दांडीला कान लावून दाखवला. “पाणी बोलतं खाली. ऐका.” बत्तीस मुलं एकेक करून दांडीला कान लावू लागली. कोणी म्हणालं आत वाघ आहे. कोणी म्हणालं बाबा झोपलेत. एका मुलीने “हॅलो” म्हटलं आणि उत्तराची वाट बघत बसली. तिला उठवायला दोन मिनिटं लागली. बाजूला उभे असलेले चार-पाच पालक मोबाइलवर शूटिंग करत होते, त्यात सुयोग सरही होते. सुबोधचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, खिशावरचं पिवळं नाव उन्हात चमकत होतं. दिशा मान वर करून एकेका मुलाला सांगत होती, “माझे पप्पा. माझे पप्पा.”

मग त्याने फिरवायला घेतलं. मुलं मोजू लागली. “वन! टू! थ्री!” त्या व्हॉल्व्हला चौतीस फेरे लागतात. पण सिनिअर केजीचा त्या महिन्याचा अभ्यास वीसपर्यंत होता. “ट्वेंटी!” झाल्यावर मुलांनी प्रचंड टाळ्या वाजवल्या आणि विषय संपवला. सुबोध एकविसाव्या फेऱ्याला हात घालत होता तेवढ्यात निधी मिसने विचारलं, “व्हेरी गुड! आता सांगा, अंकलने काय केलं?”

“पाणी दिलं!” दिशा ओरडली.

सुबोध बी.ए. होता आणि खरं बोलायची त्याला खोड होती. तो दांडी धरून थांबला. “नाही बेटा. आत्ता मी पाणी बंद करतोय. इथलं बंद झालं की वर टेकडीवरच्या मुलांना मिळणार. सगळ्यांना थोडं थोडं.”

मग शौनकचा ओठ पुढे आला.

“आमचं पाणी बंद केलं?”

“तसं नाही रे...”

“अंकलने आमचं पाणी घेतलं!”

मुलांच्या वर्गात रडणं पसरायला वेळ लागत नाही, आणि दोरीला धरून उभी असलेली मुलं तर एकाच तारेवर असतात. शौनकने भोकाड पसरलं, त्याच्या मागचीने पसरलं, आणि मिनिटभरात बत्तीसपैकी एकतीस मुलं फुटपाथवर उभी राहून रडत होती. कोणी म्हणत होतं मला तहान लागली. कोणी म्हणत होतं माझा मासा मरेल. एकटी दिशा रडत नव्हती. ती दोरी सोडून सुबोधच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती आणि सगळ्यांवर ओरडत होती, “माझे पप्पा घेत नाहीत! माझे पप्पा देतात!” मग तिने वळून बापाकडे पाहिलं. “पप्पा, द्या ना त्यांना.”

रत्नप्रभा मॅडम आवाज ऐकून बाहेर आल्या. “मिस्टर ओव्हाळ, प्लीज! मुलांवर परिणाम होतोय. उघडा ना परत, दोन मिनिटांसाठी.”

“मॅडम, वर टेकडीवर...”

“दोन मिनिटं!”

दादूने कानाशी येऊन सांगितलं, “उघड रे बाबा. कोणाला कळतंय? मी चहा सांगून येतो.” आणि तो गेला.

सुबोधने उघडलं. मॅडमच्या आग्रहाला तो बधला नसता. पण दिशा तशीच मान वर करून बघत होती. वीस फेरे उलटे. मुलांनी रडक्या आवाजात मोजायला सुरुवात केली आणि दहापर्यंत ती हसायला लागली होती. “ट्वेंटी!” टाळ्या. मॅडमनी सुबोधच्या गळ्यात ‘वॉटर हीरो’ लिहिलेला सॅटिनचा पट्टा घातला. फोटो झाला. मुलांबरोबर एक, मॅडमबरोबर एक, पालकांबरोबर एक. सुयोग सरांनी त्याच्याशी हात मिळवला. प्रत्येक मुलाने ‘थँक यू अंकल’ म्हटल्याशिवाय जायचं नाही असं ठरलेलं होतं, आणि मुलं ते ठरल्याप्रमाणे पाळत होती. दोरीचं शेवटचं टोक गेटात शिरलं तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. सुबोधने गळ्यात पट्टा तसाच ठेवून चौतीस फेरे एका दमात मारले. दहा मिनिटांचं काम पाच मिनिटांत केलं. तरी अकरा दहा झालेच.

खडकवाडीची चाळीस मिनिटं गेली होती.

दुपारी चौकीवर पंधरा बायका रिकामे हंडे घेऊन आल्या. पुढे विमलाताई होती. तिचा मुलगा त्याच गल्लीत इस्त्री करायचा आणि त्याच्याकडे व्हिडिओ आलेला होता. सुयोग सरांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. वर मजकूर होता, ‘शाळेसाठी व्हॉल्व्ह उघडतो, सोसायटीसाठी नियम सांगतो!’ तिथून तो फिरत फिरत टेकडी चढला होता.

“तुझ्या लेकीचा लाड करायला आमचं पाणी?” विमलाताईने विचारलं. “आज अर्ध्या नळांना सूतसुद्धा आलं नाही. दोन बाळंतिणी आहेत माझ्या ओळीत. गळ्यात पट्टा घालून नाचत होतास तू तिथे!”

सुबोधने नाचलो नाही असं सांगायला तोंड उघडलं. मग त्याला वाटलं, तिच्या बोलण्यात तेवढंच खोटं आहे, बाकी सगळं खरं.

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. गंमत अशी, की तक्रारी दोन होत्या. एक खडकवाडीची, पाणी कमी सोडल्याची. दुसरी गंगोत्री हाइट्सची, पाणी पक्षपाताने सोडल्याची. खात्याच्या इतिहासात टेकडी आणि टॉवर एका विषयावर पहिल्यांदाच एक झाले होते, आणि तो विषय सुबोध होता.

चौकशीत चैतन्य साहेबांनी परवानगीचा कागद पुढे ठेवला आणि ‘पाणीपुरवठ्यावर कोणताही परिणाम न होता’ या शब्दांखाली बोट फिरवलं. दादूने सांगितलं, की घटना घडली तेव्हा तो चहा सांगायला गेला होता, आणि हे अगदी खरं होतं. सुबोधने शाळेकडून पत्र मागितलं. पत्र आलं. सदर कार्यक्रम पालकांच्या वैयक्तिक उत्साहातून झाला असून शाळेचा त्याच्याशी अधिकृत संबंध नाही, असं त्यात सुरेख इंग्रजीत होतं. निधी मिसचा फक्त एक मेसेज आला. ‘सॉरी सर. माझं प्रोबेशन आहे.’ ती बिचारी खरंच रडली असणार. त्याचा नोटिशीला काही उपयोग नव्हता.

वाढदिवसांची आमंत्रणं एकेक करून विरघळली. एकाचा हॉल लहान पडला, एकाला ताप आला, दोघांनी काहीच कळवलं नाही. तापवाल्या मुलाच्या बिल्डिंगखालून जाताना दिशाने फुगे बघितले.

“पप्पा, त्याचा ताप गेला वाटतं,” ती म्हणाली.

परबकाकांनी दारात उभं राहून सांगितलं, “मी म्हणालेलंय ना, कागद घे म्हणान.”

“घेतला होता काका. कागदानेच मेलो.”

“मगे कागद बरोबर नसतलो,” काका म्हणाले आणि आत गेले.

सुबोधची बदली झाली. पवईच्या बाजूला डोंगराकडून येणाऱ्या मोठ्या पाइपलाइनवर पहारा. म्हणजे एक खुर्ची, एक शिटी आणि माणूसभर उंचीचा पाइप. पाइपवरून कोणी चालू नये हे बघायचं. दिवसाकाठी दोन बकऱ्या चालत आणि त्यांना शिटी कळत नसे. चावी नव्हती, फेरे नव्हते. हातांना काही काम नसल्याने ते दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले असं होत नाही.

त्याच्या जागी नवा चावीवाला आला. तो बी.ए. नव्हता, समजूतदार होता. महिनाभराने सुयोग सरांनी सुबोधला आपण होऊन फोन केला. माणूस मनाने वाईट नव्हता.

“भाऊ, राग मानू नका हं, तुमचं झालं ते वाईटच झालं. पण आता आमचं प्रेशर मस्त आहे. अकरापर्यंत येतं. मी म्हटलं तुम्हाला सांगावं, तुम्हाला बरं वाटेल.”

सुबोधने फोन ठेवला आणि माधुरीला सांगितलं की राँग नंबर होता.

त्यानंतरच्या रविवारी दारावर थाप पडली. विमलाताई होती, बरोबर आणखी दोघी. तिसऱ्या मजल्यावर चढून आल्या होत्या पण दम लागला नव्हता. त्यांना काय, सवय. माधुरीने पाणी दिलं. विमलाताईने ते सगळं न पिता अर्ध्यावर ठेवलं आणि फुलस्केप कागद काढला.

“तेव्हा बोलले ते बोलले,” ती म्हणाली. “आता रोज अर्धा तास जातोय आमचा. व्हिडिओ नाही, काही नाही, कोणाला दाखवायचं? अर्ज करायचाय. तुला परत आणा म्हणून.”

“आणि तो लिहायचा कोणी?”

“तूच. आमच्यात कोणाला एवढं येतंय? तुझं मराठी चांगलं आहे.”

“ताई, माझ्याच बदलीविरुद्ध अर्ज मी कसा लिहू?”

“तू फक्त लिही रे. सह्या आमच्या.”

सुबोधने टाळून पाहिलं. मग तो बसला. ‘पूर्वीचे चावीवाले श्री. ओव्हाळ हे’ एवढं लिहून त्याचं पेन अडलं. स्वतःविषयी काय लिहावं ते सुचेना.

“प्रामाणिक लिही,” विमलाताई म्हणाली.

त्याने कान लाल करून प्रामाणिक लिहिलं.

“अत्यंत लिही आधी.”

“ताई...”

“लिही म्हणते ना! आम्ही सही करतोय, तुला काय लाज?”

त्याने अत्यंत लिहिलं. दिशा शेजारी बसून बघत होती. पापड वाळत घालावा तशा काळजीने विमलाताईबरोबरच्या दोघींनी कागद दोन्ही हातांत धरून नेला. आठवड्यात त्यावर तीनशे बारा सह्या आणि अंगठे झाले.

अर्ज चैतन्य साहेबांच्या टेबलावर गेला. साहेबांनी तो नीट वाचला. ते खरोखरच नीट वाचत, त्यांच्याविषयी एवढं म्हणायलाच हवं. त्यांनी त्याच्या शेजारी सुबोधच्या फाइलीतले जुने कागद ठेवून पाहिले. तीन दिवसांनी पवईला पत्र आलं. ‘खडकवाडी रहिवाशांच्या नावे प्राप्त तक्रारअर्जातील हस्ताक्षर आपल्या हस्ताक्षराशी तंतोतंत जुळत असल्याचे निदर्शनास आले आहे. रहिवाशांना चिथावणी दिल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.’

पाणी अर्धा तास कमी का येतं, याविषयी पत्रात काही नव्हतं.

“सांगा की मी नाही लिहिलं,” माधुरी म्हणाली. “त्यांना सिद्ध कुठे करता येणार आहे?”

सुबोध खुलासा लिहायला बसला. या वेळी ना परबकाकांना विचारलं, ना कोणाला. त्याने तीन ओळी लिहिल्या. ‘अर्जातील हस्ताक्षर माझे आहे. तक्रार त्यांची आहे. अत्यंत हा शब्द मी लिहिणार नव्हतो.’ खाली सही केली, तारीख टाकली आणि स्वतः जाऊन आवक शिक्का मारून घेतला.

आठव्या दिवशी त्याला खुर्चीवर बसल्या बसल्याच उत्तर मिळालं. खुलासा समाधानकारक आढळला नव्हता. शिपायाने सही घेतली, पाइपच्या सावलीत उभं राहून बिडी ओढली आणि निघून गेला. सुबोधने पत्राची घडी घातली आणि पाइपला पाठ टेकली. आतून पाणी जोरात शहराकडे चाललं होतं, ते पाठीला कळत होतं. त्याने घड्याळात पाहिलं. अकराला पाच कमी होते. खडकवाडीत आता रांगेतल्या पहिल्या बाईने हंडा नळाखाली लावून ठेवला असेल, आणि नळ नुसता सू सू करत असेल.